कुत्र्याला विषारी ठरणारे घरातले पदार्थ आणि झाडं: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

नाशिकमध्ये कुत्रा सांभाळणाऱ्यांना एक जादा काळजी घ्यावी लागते. कुत्र्याला बाधणाऱ्या खाण्याच्या वस्तूंपैकी दोन मोठ्या वस्तू, द्राक्षं आणि कांदा, आपल्याकडे क्रेटने आणि गोणीने घरात येतात. जानेवारी ते एप्रिल टेबलावर द्राक्षं नाहीत असं घर शोधावं लागेल, आणि कांद्याशिवाय आपली फोडणीच होत नाही. खालचे प्रश्न कॉलेज रोडच्या फ्लॅटपासून निफाडच्या मळ्यापर्यंत लोक पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं वाचताना एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. यातली बरीच विषं खाल्ल्याबरोबर काहीच दाखवत नाहीत. कुत्रा शेपटी हलवत असतो, जेवत असतो, आणि उपचारांचा सगळ्यात मोलाचा वेळ नेमका तोच असतो.

द्राक्षं कुत्र्याला खरंच इतकी वाईट? आमच्या मळ्यातला कुत्रा तर गळालेले मणी रोज खातो.

खरंच वाईट. द्राक्षांमुळे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं अचानक निकामी होतात. सगळ्यांची होत नाहीत, आणि घोळ तिथेच होतो. एक कुत्रा अर्धा घड फस्त करून मजेत राहतो, दुसरा त्याहून कमी खाऊन चार दिवसांत दगावतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी विषबाधेच्या नोंदी तपासून २००१ च्या सुमारास हे ठळकपणे मांडलं, पण द्राक्षातलं नेमकं काय बाधतं याचा उलगडा पुढे बरीच वर्षं झाला नव्हता. मग एका कुत्र्याने घरी बनवलेली, मुलांच्या खेळण्याची कणीक खाल्ली. त्या कणकेत क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे टार्टारिक आम्लाचाच क्षार, होतं आणि कुत्र्याची लक्षणं थेट द्राक्षांच्या विषबाधेची होती. तो धागा धरून २०२१ मध्ये टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं गेलं. आज बहुतेक पशुवैद्य तेच कारण धरून चालतात.

हे आम्ल किती असेल ते वाणावर, पिकण्यावर, जमीन-हवामानावर ठरतं. थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस, सगळ्यांत ते असतं. कोवळ्या आंबट मण्यात जास्त, गोडी भरलेल्या मण्यात कमी. म्हणून ‘मागच्या हंगामात खाल्ली, काही झालं नाही’ या अनुभवावर विसंबता येत नाही. तोच कुत्रा, तीच बाग, आणि यंदाचा घड त्याला बाधू शकतो. कुठल्या कुत्र्याला बाधेल हे त्याच्या जातीवरून किंवा वयावरून आधी ओळखता येत नाही.

लक्षणं अशी येतात: पहिल्या चोवीस तासांत, बहुतेक वेळा सहा ते बारा तासांत, उलट्या. मग मलूलपणा, जेवणाकडे पाठ, कधी जुलाब. पुढच्या एक-दोन दिवसांत पाणी खूप पिणं आणि मग लघवी कमी होत जाणं. लघवी थांबली की हाताबाहेर गेलं असं समजा. ज्यांना त्रास झाला त्या कुत्र्यांनी खाल्लेलं कमीत कमी प्रमाण पाहिलं, तर कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे ताज्या द्राक्षांचं साधारण २० ग्रॅम आणि बेदाण्यांचं साधारण ३ ग्रॅम अशा नोंदी आहेत. पाच किलोच्या पॉमेरेनियनला बेदाणे १५ ग्रॅम म्हणजे मूठभरसुद्धा होत नाहीत. हे आकडे ‘इतपत चालतं’ असं सांगण्यासाठी नाहीत. सुरक्षित प्रमाण असं काही ठरलेलं नाही.

लवकर नेलं तर डॉक्टर उलटी करवतात, सलाइन लावतात, साधारण दोन दिवस ते चालू ठेवतात आणि मूत्रपिंडं कशी चालतात हे दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासत राहतात. उलट्या सुरू होण्याआधी पोहोचलेल्या कुत्र्यांचं बहुतेक वेळा निभावतं.

मळ्यातल्यांसाठी थोडं वेगळं. विरळणीच्या दिवसांत ओळींमध्ये हिरव्या कोवळ्या मण्यांचा सडा पडतो आणि काढणीच्या वेळी पॅकहाऊसबाहेर टाकाऊ मालाचा ढीग लागतो. या दोन्ही वेळी कुत्रा बागेत मोकळा नको. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, तेही अत्यंत विषारी. त्याचे डबे, फडकी, बादलीतलं उरलेलं पाणी कुत्र्याच्या तोंडापर्यंत येईल असं ठेवू नका. बागेची राखण करणारा कुत्रा घराच्या बाजूला, सावलीला, स्वतःच्या पाण्याजवळ बांधलेला असला तरी राखण करतोच.

बेदाणे-मनुका तर पौष्टिक ना? आणि प्रसादाचं काय?

माणसाला पौष्टिक. कुत्र्यासाठी बेदाणा म्हणजे पाणी उडालेलं द्राक्ष, त्यामुळे वजनाच्या मानाने त्यातलं विष जास्त. ‘पोट साफ होत नाही म्हणून काळ्या मनुका भिजवून दिल्या’ असं काही जण सहज सांगतात. हे पूर्ण बंद करा.

खरी अडचण लपलेल्या बेदाण्यांची असते. सत्यनारायणाचा शिरा, पंचखाद्य, रव्याचे लाडू, श्रीखंड, मसालेभात, दिवाळीचा चिवडा, नाताळचा केक, सगळ्यांत बेदाणे असतात. पूजेच्या दिवशी घरात वीस माणसं असतात आणि प्रत्येक जण जाता-जाता कुत्र्याला एक घास भरवतो. प्रत्येकाला वाटतं, आपण एकच दिला. अशा दिवशी कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवा, आणि कुणाला त्याला प्रसाद द्यावासा वाटलाच तर केळ्याचा तुकडा बाजूला काढून ठेवा. देवाला केळंही चालतं आणि कुत्र्यालाही. मुलांना हे आदल्या दिवशी नीट समजावून सांगा. मुलं एकदा पटलं की मोठ्यांपेक्षा काटेकोर राहतात.

चिंचेचं काय? आमटी तर आम्ही रोजच देतो.

टार्टारिक आम्ल चिंचेतही भरपूर असतं, आणि चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी आहेत. आपल्या स्वयंपाकात चिंच-गुळाची आमटी, चिंचेचं सार, भेळ-पाणीपुरीची चटणी हे सगळं नेहमीचं. तेव्हा कुत्र्याच्या भातावर चिंचेची आमटी ओतू नका. दारात चिंचेचं झाड असेल तर खाली पडलेले आकडे उचलत चला. चिंचेचा कोळ काढल्यावर उरलेला चोथा कुत्र्याला आवडतो, तो झाकणाच्या डब्यात टाका.

वाइन किंवा द्राक्षाचा रस थोडा चाटला तर?

रस देऊ नये, कारण आम्ल त्यातही आहे. वाइनमध्ये वर आणि मद्य. अगदी थोडं मद्यसुद्धा कुत्र्याला चढतं: तोल जातो, अंग गार पडतं, श्वास मंदावतो. बियर आणि देशीलाही हेच लागू.

कांदा शिजवला की त्याचं विष जातं ना?

जात नाही. कच्चा, परतलेला, तळलेला, वाळवून पूड केलेला, कांद्याची पात, कुठल्याही रूपात तो बाधतो. कांद्यातली गंधकयुक्त संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशींना इजा करतात, त्या पेशी फुटत जातात आणि रक्त कमी होतं. एका वेळी कुत्र्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा पोटात गेला की पेशींची ही हानी दिसू लागते. दहा किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम, म्हणजे एक लहानसा कांदा. रोज थोडा थोडा गेला तरी तो साठत जाऊन तीच गत होते.

कांद्याची लबाडी ही की त्रास तीन-पाच दिवसांनी दिसतो. तोवर रविवारची मिसळ घरचे विसरलेले असतात. कुत्रा धापा टाकायला लागतो, हिरड्या फिकट पडतात, लघवी लालसर-तपकिरी येते, आणि डॉक्टर ‘काय खाल्लं होतं?’ विचारतात तेव्हा कुणालाच आठवत नाही. नाशिकची मिसळ म्हणजे रस्सा आणि तर्री, त्यात कांदा, लसूण, मसाला भरभरून, आणि वर पुन्हा चिरलेला कच्चा कांदा. त्यात बुडवलेला पाव कुत्र्याला देऊ नका. चिकन-मटणाच्या रश्श्याचंही तसंच: मटण काढून धुऊन दिलं तरी ते कांद्या-लसणात मुरलेलं असतं. कुत्र्यासाठी द्यायचेच तर चार तुकडे फोडणी घालण्याआधी नुसत्या पाण्यात वेगळे शिजवा. विकतच्या सूपच्या पाकिटात, चिप्समध्ये आणि नूडल्सच्या मसाल्यातही बऱ्याचदा कांद्या-लसणाची पूड असते.

लासलगाव, पिंपळगाव, येवला या बाजूला चाळीत साठवलेल्या कांद्याजवळ कुत्रे झोपतात. बहुतेक कुत्रे कच्चा कांदा आपणहून खात नाहीत, पण भुकेलेलं पिल्लू सडका कांदा चघळतं. पिल्लांना चाळीपासून लांब ठेवा.

लसूण दिल्याने गोचीड जातात असं ऐकलंय.

ऐकीव गोष्ट आहे आणि ती घातक आहे. वजनास वजन धरलं तर लसूण कांद्यापेक्षा कितीतरी जास्त विषारी, साधारण तीन ते पाच पट मानतात. रोज दोन पाकळ्या भरवून गोचीड जात नाहीत, रक्त मात्र जातं. त्यात गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही कुत्र्याचं रक्त कमी होतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी मारा. गोचिडांवर डॉक्टरांकडे चांगल्या गोळ्या आणि मानेवर टाकायचे थेंब मिळतात, तेच वापरा.

चॉकलेट, चहा, कॉफी?

चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं. किलोमागे साधारण २० मिलिग्रॅमला उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो, ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅममागे साधारण २ मिलिग्रॅम, गडद चॉकलेटमध्ये ५ किंवा त्याहून बरंच जास्त, कोको पावडरमध्ये सगळ्यांत अधिक. म्हणून दहा किलोच्या कुत्र्याने दुधाच्या चॉकलेटचा एखादा तुकडा खाल्ला तर घाबरून जाऊ नका, लक्ष ठेवा. त्याने ५० ग्रॅम गडद चॉकलेट किंवा केकसाठी आणलेला कोकोचा डबा खाल्ला असेल तर लगेच फोन करा.

चहा-कॉफीत कॅफिन असतं. कपातला घोट चाटल्याने काही होत नाही, पण चहाचा चोथा आपण गुलाबाच्या कुंडीत टाकतो आणि त्यातल्या साखरेच्या वासाने कुत्रा तो उकरून खातो. चोथा धुऊन, मातीत खोल मिसळा.

शुगर-फ्री पदार्थांनी काय बिघडतं?

त्यात साखरेऐवजी झायलिटॉल हा गोडवा घातलेला असेल तर फार बिघडतं. कुत्र्याच्या शरीराला ती साखर वाटते, इन्सुलिन एकदम सुटतं आणि रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात कोसळते. किलोमागे ०.१ ग्रॅम पुरतं. लहान कुत्र्याला च्युइंगमच्या एखाद-दोन गोळ्या झाल्या तरी धोका. प्रमाण जास्त असेल तर यकृतही निकामी होतं. पाकिटावर झायलिटॉल हे नाव किंवा ९६७ हा आकडा शोधा. च्युइंगम, मिंट, काही पीनट बटर, माणसांच्या काही टूथपेस्ट, प्रोटीन बार. कुत्र्याला औषधाची गोळी पीनट बटरमधून देत असाल तर त्या बरणीवरचं लेबल आजच वाचा. स्टीव्हिया किंवा सुक्रालोजने असं होत नाही.

भांग, तंबाखू, मिश्री?

महाशिवरात्र आणि रंगपंचमीच्या आसपास भांग चाटलेले कुत्रे दवाखान्यात येतात. लक्षणं ओळखू येतात: उभ्या-उभ्या डुलतो, थोड्या आवाजाने दचकतो, नकळत लघवीचे थेंब पडतात. वेळेवर नेलं तर बहुतेक बरे होतात, पण डॉक्टरांपासून लाजेने लपवू नका. भांग आहे हे न सांगितल्यामुळे भलत्याच तपासण्यांत वेळ जातो.

तंबाखू आणि मिश्री याहून गंभीर. निकोटिन काही मिनिटांतच लाळ, उलटी, थरथर आणि झटक्यांपर्यंत नेऊ शकतं. मिश्रीची डबी खिडकीच्या कट्ट्यावर असते, पिल्लाला ती खेळणं वाटते. वर, बंद कपाटात ठेवा.

शिळं अन्न आणि ओला कचरा?

बुरशी आलेला पाव, भाकरी, अक्रोड, चीज यांत काही बुरशा अशी विषं तयार करतात की कुत्र्याला काही तासांत कंप आणि झटके येतात. घंटागाडीची वाट बघत दाराबाहेर ठेवलेली ओल्या कचऱ्याची बादली हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. घट्ट झाकणाची बादली घ्या.

याच बादलीत आंब्याच्या कोया, दाणे काढलेली कणसं आणि शिजलेली हाडं असतात. ही विषं नव्हेत, पण आतड्यात अडकतात आणि मग ऑपरेशनशिवाय सुटका नसते. सीताफळाचा गर चालतो, बिया मात्र विषारी. त्या चावल्या जाणार नाहीत असं बघा. यीस्ट घालून फुगायला ठेवलेली पावाची कणीक पोटात फुगते आणि तिथे मद्य तयार होतं, तीही आवाक्याबाहेर ठेवा.

घराच्या आवारात कुठली झाडं असूच नयेत?

माझ्या मते कुत्रा असलेल्या घरात सायकस असू नये. बंगल्याच्या फाटकाशी दोन बाजूंना दोन सायकस लावायची आपल्याकडे रीत आहे. ते पामसारखं दिसतं, पण पाम नाही. त्याचं पान, खोड, मूळ सगळं विषारी आणि बी सर्वांत जास्त. मादी झाडाच्या मध्यभागी सुपारीहून मोठ्या, नारिंगी-तांबूस बियांचा गेंद तयार होतो. त्या खाली गळतात, गुळगुळीत असतात, तोंडात धरायला नेमक्या मापाच्या. कुत्रा बी तोंडात घेऊन अंगणभर पळतो, आपल्याला वाटतं चेंडू खेळतोय. एक-दोन बिया चावून गिळल्या तरी जीव जाऊ शकतो. काही तासांत उलट्या होतात, मग बरं वाटल्यासारखं होतं, आणि दोन-तीन दिवसांनी डोळे, हिरड्या पिवळ्या पडतात, कारण यकृत निकामी होत असतं. उपचार करूनही यातले बरेच कुत्रे वाचत नाहीत. झाड काढणं जमत नसेल तर निदान त्याभोवती जाळी लावा आणि बिया लागल्या की काढून टाका.

कण्हेर, पांढरी असो की गुलाबी, आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, दोन्हींत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. वाळलेलं पानही तितकंच विषारी. कण्हेरीच्या फांद्या ठेवलेल्या फुलदाणीतलं पाणीसुद्धा कुत्र्याने पिऊ नये. लाळ, उलटी, मग नाडी मंद किंवा अनियमित. महामार्गाच्या दुभाजकात कण्हेर सर्रास असते, तिची छाटणी चालू असेल तेव्हा तिथे कुत्र्याला फिरवू नका.

एरंडाची आणि गुंजेची बी टणक असते. अख्खी गिळली तर तशीच बाहेर पडू शकते, पण चावली गेली की आतलं विष मोकळं होतं आणि रक्ताच्या उलट्या-जुलाब सुरू होतात, कधी खाल्ल्यानंतर एक-दोन दिवसांनी. मोगली एरंडही टाळा. ब्रुनफेल्सिया, ज्याची जांभळी फुलं दोन-तीन दिवसांत पांढरी होतात, ती झुडपं हल्ली सोसायट्यांच्या बागांत लावतात. तिची फुलं-फळं खाऊन कुत्र्यांना झटके येतात. सदाफुली आणि पानफुटीसुद्धा कुत्र्याच्या पोटात जाऊ नयेत. मुतखड्यावर माणसं पानफुटी खातात म्हणून ती कुत्र्याला चालेल असं समजू नका. पावसाळ्यात त्र्यंबक-अंजनेरीच्या बाजूला फिरायला कुत्रा नेत असाल तर लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची कळलावी ओळखून ठेवा. तिचा कंद फार विषारी.

पूजेतल्या पाना-फुलांचं काय?

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ, श्रावणात महादेवाला धोतऱ्याचं फूल आणि फळ. रुईचा चीक डोळ्यात-तोंडात आग करतो आणि पोटात गेला तर हृदयावर परिणाम करतो. धोतऱ्याने तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, कुत्रा भ्रमिष्टासारखा भिंतीवर आदळतो. निर्माल्याची पिशवी जमिनीवर टेकवून ठेवू नका, इतकंच पथ्य पुरे. झेंडू, गुलाब, मोगरा, जास्वंद, तुळस यांची चिंता नको. शेवंतीने उलटी-जुलाब होऊ शकतात.

मनी प्लांट, अळू, कोरफड?

मनी प्लांट, डिफेनबेकिया, मॉन्स्टेरा, पीस लिली, शोभेचं अळू यांच्या पानांत सुयांसारखे बारीक स्फटिक असतात. खायच्या अळूनं घसा खवखवतो तो यांच्यामुळेच. कुत्रा चावतो, तोंड पोळतं, लाळ गाळतो, पंजाने तोंड घासतो आणि सहसा पुन्हा त्या कुंडीकडे फिरकत नाही. गार पाण्याने तोंड पुसा, थोडं दही चाटवा. तोंड सुजून श्वासाला त्रास झाला तरच धावपळ. कोरफडीच्या सालीलगतच्या पिवळ्या चिकाने जुलाब होतात. अरेका पाम आणि स्पायडर प्लांट बिनधोक.

गच्चीवरच्या बागेत खतांची भीती असते का?

असते, आणि लोक तिकडे सर्वांत कमी लक्ष देतात. एरंडी पेंड हे सेंद्रिय खत म्हणून नर्सरीत सर्रास मिळतं. प्रक्रिया करून विष काढलेलं नसेल तर त्यात एरंडाच्या बीचं विष तसंच राहतं. तिच्या जोडीला बोनमील म्हणजे हाडांचा चुरा घातला की कुत्र्याचा त्या कुंडीचा नाद सुटतच नाही; तो माती उकरून मूठ-मूठ पेंड खातो. कुत्रा असलेल्या घरी एरंडी पेंड आणू नका, शेणखत आणि गांडूळखत वापरा. गोगलगायींसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्याला खाऊसारख्या वाटतात आणि काही तासांत झटके येतात.

मग आपल्या ताटातलं द्यायचं तरी काय?

बरंच काही देता येतं. पोळी-भाकरीचा तुकडा, मीठ-मसाल्याविना वरण-भात, उकडलेलं अंडं, दही, उकडलेला भोपळा, गाजर, काकडी, केळं, पेरू, बिया काढलेलं सफरचंद, पपई, कलिंगड. पिकलेल्या टोमॅटोची फोड चालते. हिरवा टोमॅटो, त्याचा पाला आणि कोंब आलेला हिरवा बटाटा नको. डाळिंब विषारी नाही, पण दाण्यांनी पोट बिघडतं. दूध पुष्कळ कुत्र्यांना पचत नाही.

कुत्र्याने काहीतरी खाल्लंय. आत्ता काय करू?

तोंडात असेल ते बोटाने काढा. उरलेलं पाकीट, पान, बी, उलटी झाली असेल तर तिचा नमुना पिशवीत घ्या. किती वाजता, काय, अंदाजे किती आणि कुत्र्याचं वजन किती, हे एका कागदावर लिहा. मग डॉक्टरांना फोन लावा आणि निघा. फोन आधी केला तर तुम्ही पोहोचेपर्यंत तिथली तयारी होते. खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत उलटी करवता आली तर बरंचसं विष पोटातून निघून जातं. द्राक्षं पोटात जास्त वेळ राहतात, तिथे उशीर झाला असला तरी न्यावंच.

वाटेत एक तपासणी घरच्यांना करता येते. वरचा ओठ उचला, सुळ्याच्या वरच्या हिरडीवर अंगठा दाबा आणि सोडा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. जास्त वेळ लागला, किंवा हिरडी मुळातच फिकट, पिवळी, निळसर किंवा विटकरी दिसली, तर डॉक्टरांना तसं सांगा. हिरडीचा मूळ रंगच काळा असेल तर खालच्या पापणीच्या आत बघा. कुत्रा धडधाकट असताना हे एकदा करून पाहिलं की नेहमीचा रंग डोळ्यांत बसतो.

मीठ-पाणी पाजून घरीच उलटी करवू का? तूप, दूध, ताक?

नाही. मिठाच्या पाण्याने कुत्र्याच्या रक्तातलं सोडियम वाढतं आणि त्यानेच झटके येऊन कुत्रा जाऊ शकतो. घशात बोटं घालू नका. उलटी करवण्यासाठी वापरतात ते हायड्रोजन पेरॉक्साइड डॉक्टरांनी वजन ऐकून, मोजून सांगितल्याशिवाय देऊ नका. कुत्रा गुंगीत असेल, झटके येत असतील किंवा त्याने रॉकेल, ॲसिडसारखं काही प्यायलं असेल तर उलटी करवणं जिवावर बेततं. तूप-तेल-दुधाने विष उतरत नाही. बेशुद्धीतल्या कुत्र्याला काहीही पाजलं की ते फुप्फुसात जातं.

आम्ही तालुक्याला राहतो, रात्री डॉक्टर कुठून आणायचा?

रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला हे आज, काही घडलेलं नसताना, शोधून ठेवा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. नाशिक शहरात यायला किती वेळ लागतो, गाडी कुणाची मिळेल, हेही ठरवा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचा निःशुल्क क्रमांक आहे. ती सेवा मुख्यतः गुरांसाठी आहे, पण जवळच्या सरकारी डॉक्टरांपर्यंत पोहोचायला त्याचा उपयोग होऊ शकतो. दिंडोरी, सिन्नर, चांदवडकडच्या लोकांनी ‘सकाळी बघू’ म्हणू नये. द्राक्षं, सायकस किंवा झायलिटॉलच्या बाबतीत सकाळपर्यंत उपचारांची वेळ टळून जाते.

गल्लीतल्या कुत्र्यांना आम्ही उरलेलं घालतो. तेही बंद करायचं?

घालणं बंद करू नका, काय घालता ते बघा. हॉटेलचं किंवा लग्नातलं उरलेलं म्हणजे कांदा-लसणाची ग्रेव्ही आणि बेदाण्याचा पुलाव. गल्लीतला कुत्रा तीन दिवसांनी कोपऱ्यात फिकट पडून राहतो, त्याला कुणी डॉक्टरकडे नेत नाही आणि त्याची लघवीही कुणी बघत नाही. त्याच्यासाठी साधा भात, पोळ्या, अंडी किंवा हळद घालून शिजवलेली कोंबडीची आतडी पुष्कळ झाली. सोबत पाण्याचं भांडं, उन्हाळ्यात तर हवंच.

मांजरीलाही हेच लागू आहे का?

बरंचसं लागू आहे. कांदा-लसूण मांजरीला कुत्र्यापेक्षाही कमी प्रमाणात बाधतात. लिलीच्या बाबतीत मात्र मोठा फरक आहे: पुष्पगुच्छात येणारी खरी लिली कुत्र्याचं फार तर पोट बिघडवते, पण मांजरीने तिचं पान चावलं किंवा अंगावर पडलेला परागही चाटला तर तिची मूत्रपिंडं जातात. घरात मांजर असेल तर लिलीचा गुच्छ दारातूनच परत पाठवा.